प्रयोगवहीतलं पान

मंगळावर माणसांना ऑक्सिजन पुरवू शकतील असे हिरवे सूक्ष्मजीव रुचिरा पनवेलच्या घरी बरण्यांत वाढवत होती. “नवऱ्यापेक्षा शेवाळ लाडकं,” म्हणत निनादने बरण्या तिच्या डोक्यावर फोडल्या, फरशीवर ॲसिड ओतलं आणि तिला काचांवरून फरफटवलं. दवाखान्यात ती म्हणाली, “बाथरूममध्ये घसरले.”

आठवड्याने फरशीच्या फटीत हिरवा डाग दिसला. ॲसिडलाही पुरून उरलेला तो नमुना तिने प्रयोगशाळेत नेला आणि तो कशाकशातून वाचला, ते वहीत जसंच्या तसं लिहिलं. प्रयोगाच्या नोंदीत ती खोटं लिहीत नसे.

नियमाप्रमाणे नोंदीखाली साक्षीदार म्हणून सही करायला आलेल्या प्रयोगशाळाप्रमुख सुनीता मॅडमनी पान दोनदा वाचलं, सही केली आणि वही पर्समध्ये टाकली.



“चल. आधी पोलीस ठाणं, मंगळ नंतर.”