एका दिव्याची सावली

"काका, सहा ट्यूबा एकदम लावल्या की सावली धूसर पडणारच. हा एकच दिवा वर टांगा, केसासारखी रेघ येईल," म्हणत दिवेवाला दिवा ठेवून गेला.

स्क्रीन-छपाईवाल्या काकांच्या प्रत्येक जाळीवर वर्षानुवर्षं कोपऱ्यात एक पुसट डाग यायचा. दोष ट्यूबांचा, असं म्हणून ते तिथे चिकटपट्टी लावून मोकळे व्हायचे. लग्नाबिग्नाच्या भानगडीत ते पडले नव्हते. खोलीत ते आणि त्यांच्या जाळ्या.

भर दुपारी त्यांनी केमिकल लावलेल्या जाळीवर अक्षरांची फिल्म ठेवली, वर काच ठेवली, नवा दिवा लावला आणि दाराशी जाऊन उभे राहिले. मग जाळी धुतली. उजेड लागलेलं केमिकल घट्ट झालं होतं, सावलीतलं पाण्याने निघालं आणि अक्षरं सुबक उमटली. कोपऱ्यातला डागही सुबक उमटला. ती चार बोटं होती, काच दाबून धरणारी.

"माझीच असतील," काका मोठ्यांदा म्हणाले.

खात्री करायला त्यांनी दुसरी जाळी मांडली, बोटं फाकवून उजवा पंजा काचेवर ठेवला आणि दिवा लावला. हाताला काहीच लागलं नाही.

जाळी धुतली, तर त्यांच्या पाच बोटांमधल्या चारही फटींत एकेक बारीक बोट होतं.

नळ बंद करायला त्यांनी तोच हात पुढे केला. बोटं मिटेनात.