रेवाच्या बारशाचं गाणं

रेवाच्या बारशाचं गाणं सुप्रियाने स्वतः रचलं होतं. जमलेल्या बायकांसमोर तिने पहिली ओळ म्हटली मात्र, नव्या स्मार्ट पाळण्यातून गोड आवाज आला, "या गाण्याचे हक्क राखीव आहेत. कृपया थांबा." पाळणा हलायचा थांबला आणि रेवाने भोकाड पसरलं.

सुप्रियाने नणंदेकडे रोखून पाहिलं. हिच्या हातात सदा फोन. "केतकी, खरं सांग, कुठे पाठवलंस?"

"काय गं वहिनी! मी तर आज पहिल्यांदा ऐकतेय!"

खरंच की. सुप्रियाने ते कागदावरसुद्धा उतरवलं नव्हतं. तिने पाळण्याच्या छोट्या स्क्रीनवर गाण्याची नोंद पाहिली. तारीख गेल्या मंगळवारची, मालक पाळण्याची कंपनी. त्या दुपारी घरात ती आणि रेवा दोघीच होत्या, आणि ती पाळण्याशी बसून शब्द जुळवत होती.

"म्हणजे हाच मेला ऐकत होता!" केतकी म्हणाली.

सुप्रियाने रेवाला उचललं. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, तसे तिने लेकीच्या कानाशी ओठ नेले आणि अख्खं गाणं हलकेच म्हटलं. रेवा शांत झाली.

"आणि आम्हाला?" बायका म्हणाल्या.

"फोन बाहेर ठेवून या," सुप्रिया म्हणाली. "एकेकीच्या कानात सांगते."