खिडकीतला ग्लास

कॅप्सूल तळहातावर होती आणि खिडकीतला ग्लास सरळ उभा होता. सूनबाई दोन्हींकडे आळीपाळीने बघत स्वयंपाकघरात खोळंबल्या होत्या. सकाळची कॅप्सूल आपण घेतली की नाही, हे त्यांना काही केल्या आठवेना.

तसं त्यांना न आठवणं घरात कुणाला नवीन नव्हतं. शिवणकामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण कात्री फ्रिजमध्ये सापडायची आणि गळ्यात टेप अडकवून त्या घरभर टेप शोधायच्या. एडीएचडी आहे, लक्ष एका जागी टिकत नाही ते त्यामुळेच, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा त्यांना आधी रडू आलं आणि मग हायसं वाटलं. आपण वेंधळ्या नाही, हे ऐकायला त्यांना अर्धं आयुष्य लागलं होतं. तेव्हापासून रोज नाश्त्यानंतर एक कॅप्सूल, आणि ती गिळली की पाण्याचा ग्लास खिडकीत उलटा घालायचा. ग्लास उलटा दिसला की घर निर्धास्त. ही खूण आजवर कधी चुकली नव्हती.

आज ग्लास सरळ होता. पण आतून ओला होता.

चुकायला आजचाच दिवस सापडावा, हे त्यांच्या नशिबाला धरूनच होतं. शिवणाच्या टेबलावर रेशमी कापड पसरलेलं होतं. एका मुलीच्या आईने हौसेने घेतलेलं, पण शिवायचं राहून गेलेलं. आता आई नव्हती आणि मुलीला लग्नात तेच घालायचं होतं. उद्या ती माप बघायला येणार होती. कात्री एकदा वाकडी गेली, तर तसं कापड कुठल्या बाजारात मिळणार नव्हतं.

"अगं, एवढा कसला विचार करतेस?" सासरे दारात उभे होते. ते कालच राहायला आले होते. मोठ्या हॉटेलात हेड वेटर म्हणून उभा जन्म घालवलेला माणूस. निवृत्त झाले तरी ताठ चालायचे आणि खांद्यावरचं फडकं काही सुटलं नव्हतं.

सूनबाईंनी ग्लासाची भानगड सांगितली. सासरे पोट धरून हसले.

"उलटा ग्लास? आमच्या हॉटेलात उलटा ग्लास दिसला असता, तर मी अख्ख्या स्टाफला फैलावर घेतलं असतं. बरं, सरळ आहे ना? मग घेतली नाहीस. टाक गिळून."

"पण ओला आहे, बाबा."

"धुतला असशील. आणि झाल्याच दोन, तर दुप्पट हुशार होशील."

सूनबाईंची बोटं कॅप्सूलभोवती मिटली. नवरा पहाटेच कामावर गेलेला, त्यामुळे साक्षीदार नाही. डबीतल्या मोजाव्यात, तर काल किती होत्या कुणास ठाऊक. आणि आत टेबलावर ते रेशीम. घ्यावी, असं फार वाटलं. मग डॉक्टरांचं बोलणं आठवलं. शंका आली तर घ्यायची नाही. एक दिवस चुकली तर फार तर काम रखडेल, पण दोन झाल्या तर छाती धडधडेल, बीपी चढेल.

"नाही घेत," त्या म्हणाल्या आणि कॅप्सूल डबीत टाकून त्यांनी डबीला कुलूप लावलं. "आज मी बिनगोळीची आहे असं समजा. तुम्ही माझ्यावर नजर ठेवायची."

सासऱ्यांना एवढंच हवं होतं. त्यांनी सूनबाईंचा फोन कपाटात कोंडला. मापं खणखणीत आवाजात वाचली, खडूची रेघ न् रेघ पुन्हा तपासून घेतली. कॉफी करू का विचारलं, तर सूनबाई नको म्हणाल्या. कॉफीनेही छाती धडधडते. मग ते पंगतीवर नजर ठेवावी तसे टेबलापाशी उभे राहिले. अखेर सूनबाईंनी श्वास रोखून कात्री चालवली. रेशीम लोण्यासारखं कापलं गेलं. दुपारपर्यंत सगळे तुकडे बिनचूक समोर पडले होते. हौसेने कापड घेतलेल्या त्या आईच्या आठवणीने सूनबाईंचे डोळे भरून आले.

सासरे मात्र हवेत होते. "बघितलंस? गोळीबिळी काही लागत नाही. शिस्त लागते."

"तुम्ही होतात म्हणून झालं, बाबा," सूनबाई मनापासून म्हणाल्या. आपण गोळीशिवाय निभावलं, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटत होतं. त्यांनी तो ग्लास विसळला आणि सासऱ्यांना दाखवण्यापुरता खिडकीत उलटा घातला. "उद्या सकाळी हा असा दिसला, की समजायचं मी घेतली."

"समजलं," सासरे म्हणाले आणि येरझारा घालत त्यांनी व्याख्यान सुरू केलं. "पण खुणा करून काय होतंय? माणसाचं आपल्या हातांकडे लक्ष पाहिजे. हात काय करतायत, ते डोक्याला कळलं पाहिजे. मी चाळीस माणसांना हेच शिकवलं. तू माझ्याबरोबर महिनाभर राहा, डॉक्टरच तुझी गोळी बंद करतील."

सूनबाई मान डोलवत ऐकत होत्या. अचानक त्यांची मान थांबली आणि हात आपोआप छातीवर गेला.

बोलता बोलता सासऱ्यांनी खिडकीतला ग्लास उचलला होता, खांद्यावरच्या फडक्याने तो बाहेरून लख्ख पुसला आणि तिकडे न बघताच सरळ करून जागच्या जागी ठेवून दिला.