सव्वापाच ते साडेपाच

या, असे पुढे सरकून बसा. कीर्तनाला अजून अवकाश आहे, तोवर आपल्या शालिनीची गोष्ट ऐका. तिनेच सांगायला सांगितली आहे.

महिन्यातला चौथा रविवार होता. राजधानीतल्या पहाडगंजच्या चर्चचा मागचा हॉल त्या दुपारी मराठी मंडळीला मिळतो. उपासना झाली होती, कीर्तन व्हायचं होतं, मधे चहा चालला होता. शालिनी कागदी कप घेऊन खिडकीशी उभी होती. तिच्यापुढे जयदीप येऊन थांबला. मानेसरच्या कारखान्यात कामाला असलेला, तिशीतला माणूस. पाठीवर ही भली मोठी सॅक.

"ताई, आज नगरला चाललो. कायमचा. गाडी रात्री आहे, म्हटलं कीर्तन ऐकून जावं."

"अच्छा? एकदम?"

"बायकोने बोलावलं. बाळ गेल्यापासून पहिल्यांदा फोन केला तिने."

शालिनीने "फार छान झालं" म्हटलं आणि कपात पाहिलं. बाळाचं ती विसरूनच गेली होती.

लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, मंडळीतल्या कौशल्याबाईंनी प्रार्थनेची साखळी लावली होती; ती पुढेही चालूच राहिली. प्रत्येकाने पहाटेची पंधरा मिनिटं वाटून घ्यायची आणि तेवढा वेळ एकाच माणसासाठी देवापाशी बसायचं. झालं की ग्रुपवर जोडलेले हात टाकायचे. जयदीपचं नाव शालिनीकडे आलं, ग्रुपवरच्या यादीत ते त्यालाही दिसलं. सव्वापाच ते साडेपाच ही वेळ तिने हौसेने स्वतःच मागून घेतली होती.

"मला आज सगळ्यांपुढे साक्ष द्यायचीय, देवाने कसं सांभाळलं त्याची," जयदीप म्हणाला. "तुमचं नाव घेणार आहे. म्हणून आधी विचारतोय."

"माझं कशाला?"

"कंपनीची बस साडेपाचला येते. मी सव्वापाचपासून थांब्यावर उभा असायचो. हायवेवर ट्रक सुसाट जातात तेव्हा. मी ट्रककडेच बघत बसायचो, ताई. एक पाऊल पुढे टाकायचं, एवढंच." तो आवाज खाली आणून बोलत होता. "मग मनात यायचं, ताईंनी आत्ता डोळे मिटलेत. माझंच नाव चाललंय. त्यांचं वाक्य अर्ध्यात आहे, ते तरी पुरं होऊ दे. तोवर बस यायची."

शालिनीच्या हातातला चहा गार झाला.

पहिले चार दिवस ती उठली होती. पाचव्या दिवशी ऑफिसच्या कॉलमुळे झोपायला उशीर झाला होता, म्हणून गजर बंद केला. पुढे सात महिने रोजच बंद केला. सात वाजता कॅबमध्ये बसली की ती ग्रुपवर जोडलेले हात टाकायची. कोणी कधी विचारलं नाही.

गप्प बसणं सोपं होतं. तो आनंदाने गाडीत बसला असता.

"चलो जयदीप," पुढून कीर्तनकार गुलाबरावांनी पेटीवरून हाक मारली. "दोन शब्दांत आटप हां. तुम्हा फॅक्टरीवाल्यांना थांबवायला भोंगा लागतो." सगळे हसले. जयदीपही हसला. त्याने सॅक भिंतीला टेकवली आणि निघाला.

शालिनीने त्याची बाही धरली.

"माझं नाव घेऊ नकोस. मी पहाटे उठत नव्हते."

"कधी?"

"कधीच. पहिले चार दिवस सोडले, तर एकदाही नाही."

जयदीप तिच्याकडे बघत राहिला. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो रागावला नाही. कुठेतरी हिशेब चुकलाय आणि तो सापडत नाही, असा चेहरा झाला त्याचा.

"मग मी कोणासाठी थांबत होतो?" त्याने विचारलं.

तिने बाही सोडली. जयदीप पुढे वळून म्हणाला, "आज नको, काका," आणि मागच्या सतरंजीवर जाऊन बसला. थोड्या वेळाने शालिनीही त्याच्या शेजारी जाऊन बसली. तिथून उठून जायला त्याने सांगितलं नाही.

गुलाबरावांनी आख्यान लावलं. पेत्राचं होतं. प्रभूला ओळखतच नाही असं तीनदा म्हणणारा त्याचा शिष्य पेत्र आणि मग अंगणाबाहेर जाऊन रडणारा. झांजा घुमायला लागल्या तसा जयदीप तिच्याकडे झुकला.

"ताई, उद्यापासून उठाल?"

"उठेन."

"मग आता माझं नको. मी घरी चाललोय. नीरजचं घ्या. माझ्या रूमवर असायचा. उद्यापासून थांब्यावर तो एकटाच असेल. तोही माझ्यासारखाच ट्रककडे बघतो, मी पाहिलंय." मग म्हणाला, "आपल्यातला नाहीये तो. पण घ्या."

कीर्तन अर्ध्यात असताना त्याने सॅक उचलली. दाराशी चप्पल घालताना एकदा हात वर केला. तो तिच्यासाठी होता की गुलाबरावांसाठी, हे शालिनीला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती पाचलाच उठली. आता रोज उठते. ते सात महिने मात्र परत मिळत नाहीत, आणि ही गोष्ट माझ्यावर सोपवली तेवढं सोडलं, तर त्यांबद्दल ती अजून कोणाशी धड बोलत नाही.

तर मंडळी, आज हात जोडाल तेव्हा त्या माणसाची आठवण ठेवा. नीरज. आडनाव विचारायचं तिचं राहून गेलं.