पोरीचा नंबर

लढाईच्या साली कोंडूची बायको सकू गेली. जाताना एवढंच म्हणाली, "पोरीची शाळा सोडवू नका." पुढं कल्याणच्या डॉक्टरांनी बजावलं, "हिच्या चष्म्याचा नंबर असाच वाढला तर शाळा बंद करावी लागेल. मुलीला उजेडात, मोकळ्यावर ठेवा." कोंडूनं पोरीचं पुस्तक दिव्यापुढून उचललं आणि तिला उघड्या खळ्यावर बसवलं. एक धडा वाचला की तो तिला लांब माहुलीचे सुळके बघायला लावी. वर्षानं डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि कोंडू पोरीला घेऊन छाती फुगवून गावात शिरला. भातगिरणीपाशीच तो ओरडला, "पोरीचा नंबर वाढला नाय!" "म्हंजे वर्गात मागंच ना? मग फुगलास कशाला?" गिरणीवाला हसला. "डोळ्यांचा रे, येड्या! शाळा चालू ऱ्हाणार!" घरोघरी थांबून त्यानं हेच सांगितलं. शेवटी आपल्या रिकाम्या घराचं दार ढकलून म्हणाला, "सकू, वाढला नाय गो!"