ताटाएवढी तीट

"घामोळ्या पुसल्यात, ते कळलं मला. पावडर खपवायचीय तुम्हाला. पण माझ्या लेकीची तीट कशाला पुसली, मॅडम?"

सहा महिन्यांच्या पोरीला कडेवर घेऊन ती माझ्या टेबलासमोर उभी होती. बेबी पावडरच्या जाहिरातीतलं बाळ तिचंच, आणि फोटोतली त्वचा कॉम्प्युटरवर गुळगुळीत करायचं काम माझं. घामोळ्या काढता काढता गालावरचा काजळाचा ठिपकाही मी डाग म्हणून उडवला होता.

"स्टँडवर दुमजली घराएवढा फोटो लावलाय. येणारा-जाणारा बघतो तिच्याकडे. कालपासून अंगात ताप आहे."

"डॉक्टरांना दाखवलंत का, ताई?"

"दाखवलं. दात येताहेत म्हणाले." तिनं ओठ टेकवून पोरीचं कपाळ पाहिलं. "पण एवढी माणसं बघणार, तर तीट नको का?"

नजरबिजर मी मानत नाही. पण घामोळ्या पुसण्याच्या खोटेपणाबद्दल ती भांडलीच नाही, ते मला दिवसभर टोचत राहिलं. संध्याकाळी होर्डिंग लावणाऱ्या भानुदासकाकांना शिडी धरायला लावली आणि काळ्या ऑइलपेंटनं बाळाच्या गालावर ताटाएवढी तीट लावली. खाली उतरून वर पाहिलं. आता ते बाळ कुणाचं तरी वाटत होतं.

सकाळी पावडर कंपनीच्या साहेबांचा फोन आला. "अहो, आपल्या बाळाच्या गालावर केवढा डाग पडलाय! आजच्या आज पुसून घ्या."

"डाग नाही साहेब, तीट आहे," मी म्हणाले. "राहू द्या. सगळं गाव बघतंय तिला."