जावयाचा रविवार

मटणावाचून पान न हलणाऱ्या घरात मुलगी मागायला गेलेल्या शाकाहारी वरदने मोबाईलवर पाहिलेलं ठोकून दिलं, "डुकराच्या खांद्याचं स्वस्त, चिवट मांसच खरं! पाच तास निखाऱ्यावर ठेवलं की लोणी होतं."

तेव्हापासून दर रविवारी सासरे पळस्प्याच्या फार्महाउसवर सकाळपासून निखारे फुंकत बसत आणि वरद श्वास रोखून गिळत राही. तीन वर्षं झाली. आज मात्र खरं सांगून टाकायचंच, असं ठरवून तो मागच्या दाराशी आला.

नाकाला पंचा बांधून सासरे सासूबाईंना सांगत होते, "वासानंच मळमळतंय गं. आपल्यात कोनी डुक्कर शिवला नाय. पन पोरीचा नवरा पोटभर जेवतो, अजून काय पायजे?"

वरद मागे फिरून पानावर जाऊन बसला.

"बाबा, आज जरा जास्तच वाढा."